अ‍ॅझ्टेकांचे घर, शेत आणि बाजार



दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडू, ठेच्यातली मिरची, आमटीत पडणारा टोमॅटो, घोलवड-डहाणूकडचा चिकू आणि शेताच्या बांधावरची घायपात, या पाच गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, की त्या परक्या मुलखातून आल्या असे सांगितले तर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. पण या पाचही मूळच्या अमेरिका खंडातल्या, मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशातल्या. सोळाव्या शतकाच्या आधी त्यांतली एकही आपल्याकडे नव्हती. पोर्तुगीज आणि स्पॅनिश गलबतांनी अमेरिकेतली ही पिके समुद्रापार नेली. मिरची आपल्या किनाऱ्याला लागली ती पोर्तुगीजांच्या हातून. काही पिकांबरोबर त्यांची नावेही आली. टोमॅटो म्हणजे तिकडचे 'तोमात्ल', आणि चिकू हा शब्द 'शिकोत्सापोत्ल' या लांबलचक नावाचा घासून गुळगुळीत झालेला तुकडा.

ही नावे ज्या भाषेतली, तिला नावात्ल म्हणतात. ही भाषा बोलणाऱ्या लोकांचे मोठे राज्य पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी मध्य मेक्सिकोत नांदत होते. आपण त्यांना अ‍ॅझ्टेक म्हणतो. ते स्वतःला मेशिका म्हणवीत, आणि मेक्सिको हे देशाचे नाव त्यावरूनच पडले. या लोकांविषयी आपली माहिती बहुधा दोन वाक्यांत संपते : ते नरबळी देत, आणि कोर्तेस नावाच्या स्पॅनिश सरदाराने त्यांना जिंकले. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण त्या राज्यातला साधा माणूस सकाळी उठून काय करी, काय खाई, मुलांना काय शिकवी आणि राज्याचा भार कोणाच्या पाठीवर होता, हे त्यांतून कळत नाही. आणि गंमत अशी, की ते कळल्याशिवाय ते राज्य दोन वर्षांत का कोसळले, याचाही उलगडा होत नाही.

मेशिका लोक उत्तरेकडून भटकत भटकत मेक्सिकोच्या खोऱ्यात आले. चांगल्या जमिनी आधीच इतरांनी धरलेल्या होत्या. शेवटी तेश्कोको नावाच्या सरोवरातल्या एका दलदलीच्या बेटावर त्यांनी वस्ती केली. निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे राहा, असा देवाचा कौल त्यांना मिळाला होता, अशी आख्यायिका आहे. तो गरुड आजही मेक्सिकोच्या ध्वजावर आहे. परंपरेने या वस्तीचे साल 1325 मानतात. गावाचे नाव तेनोचतित्लान. पुढे 1428 साली त्यांनी तेश्कोको आणि त्लाकोपान या दोन शेजारी नगरांशी हातमिळवणी करून आपल्या जुन्या धन्याला हरवले, आणि पुढच्या नव्वद वर्षांत मध्य मेक्सिकोचा बराच भाग त्यांच्या अमलाखाली आला. बेटावरचे ते गाव वाढत वाढत दोन लाखांच्या आसपास वस्तीचे शहर झाले, असा अनेक अभ्यासकांचा अंदाज आहे.

आता प्रश्न पडेल, की बेटावरच्या एवढ्या माणसांना खायला कुठून मिळे? याचे एक उत्तर आहे चिनाम्पा. सरोवराच्या उथळ भागात खुंट ठोकून लांबट वाफ्याची आखणी करायची, आत पाणवनस्पती आणि तळाचा गाळ यांचे थरावर थर द्यायचे, आणि जमीन पाण्याच्या वर आली की कडेने वाळुंजासारखी झाडे लावायची. त्यांच्या मुळांनी काठ घट्ट धरून ठेवला जाई. दोन वाफ्यांमध्ये कालवा, आणि कालव्यातून नाव. पाणी मुळाशीच असल्यामुळे पावसाची वाट पाहावी लागत नसे. गाळाच्या चौकोनी वड्या पाडून त्यांत रोपे वाढवीत आणि मग ती वाफ्यावर लावीत. म्हणजे आपल्या तरव्यासारखेच काम. त्यामुळे एका वाफ्यावर वर्षातून अनेक पिके निघत. सरोवराचा काही भाग खारा होता. खारे पाणी गोड्या पाण्यात शिरू नये म्हणून तेश्कोकोचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली पंधराव्या शतकाच्या मध्यास सुमारे 16 किलोमीटर लांबीचा बांध घातला गेला. आणि हे सर्व लोखंडाच्या हत्याराशिवाय, बैलाशिवाय आणि गाडीशिवाय!

या मुद्द्यावर जरा थांबले पाहिजे. त्या मुलखात बैल, घोडा, गाढव यांपैकी काहीही नव्हते. चाकाची कल्पना मेक्सिकोतल्या जुन्या लोकांना होती, कारण मातीच्या चाकांची खेळणी सापडली आहेत. पण ओढणारे जनावर नसले तर गाडीचा उपयोग काय? पाण्यावर नाव आणि जमिनीवर माणूस, ही त्यांची वाहने. ओझे वाहणाऱ्या हमालांना त्लामेमे म्हणत. कपाळावरून पट्टा घेऊन पाठीवर सुमारे 23 किलो वजन ते दिवसभर वाहत. राजधानीत आलेले प्रत्येक पोते, प्रत्येक कापडाचा गठ्ठा शेवटच्या टप्प्यात नावेतून आला असला, तरी आधी कोणाच्या तरी पाठीवरून आलेला असे.

समाजाची रचना आता पाहू. सर्वांच्या वर राजा, म्हणजे त्लातोआनी. या शब्दाचा अर्थ 'बोलणारा'. राजाचा मुलगाच राजा होई असे नाही. राजघराण्यातल्या पुरुषांमधून थोर मंडळी एकाची निवड करीत. त्याच्या खाली सरदार आणि कुलीन घराणी, त्यांना पिपिल्तिन म्हणत. त्यांच्या खाली सामान्य प्रजा, मासेवाल्तिन. शेतकरी, कोळी, कुंभार, विणकर हे सारे यांत आले. काही शेतकरी सरदारांच्या खाजगी जमिनीला बांधलेले कुळासारखे असत. आणि तळाशी गुलाम.

गुलाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जन्मभराची आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुलामी येते. इथे तसे नव्हते. चोरी केली, जुगारात कर्ज झाले किंवा दुष्काळात पोट भरेना, तर माणूस गुलाम होई किंवा स्वतःला विकी. पण गुलामाची मुले स्वतंत्र जन्मत. गुलामाला लग्न करता येई, मालमत्ता ठेवता येई, पैसे भरून सुटताही येई. म्हणजे ती सुखाची स्थिती होती असे मात्र समजू नका. 1450 ते 1454 या काळात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा माणसांनी टोपलीभर मक्यासाठी पोटची पोरे समुद्रकिनाऱ्याकडच्या लोकांना विकली. आणि वारंवार अपराध करणाऱ्या गुलामाला बळीसाठी विकण्याचीही मोकळीक धन्याला होती.

सामान्य माणसाचे खरे जग म्हणजे त्याची कालपुली. कालपुली म्हणजे पेठ म्हणा, वाडी म्हणा, भाऊबंदांची वस्ती म्हणा. थोडे थोडे सगळेच. तिचा स्वतःचा देव, देऊळ, मुखिया आणि शाळा. जमीन एकट्याची नव्हे, कालपुलीची. मुखिया कुटुंबाला कसायला जमीन देई, ती बापाकडून मुलाकडे जाई, पण विकता येत नसे. कोणाकडे कोणता तुकडा आहे, याचे रंगीत नकाशे मुखियाजवळ असत. कोणी आळसाने दोन वर्षे जमीन पड ठेवली, तर त्याला ताकीद मिळे. तिसऱ्या वर्षीही ती कसली नाही, तर ती दुसऱ्याकडे जाई. याच्या बदल्यात कालपुलीने राज्याला सारा द्यायचा, वेठीला माणसे द्यायची आणि लढाईला जवान द्यायचे.

घर लहान, दगडी जोत्यावर कच्च्या विटांच्या भिंती आणि वर गवताचे छप्पर. शहराबाहेरच्या खेड्यांत हीच घरे बहुधा एकाच खोलीची. दिवस उजाडण्याआधी घरातली बाई उठे. रात्री चुन्याच्या पाण्यात शिजवून भिजत घातलेला मका धुऊन ती दगडी पाट्यावर वरवंट्याने वाटायला बसे, आणि मातीच्या तव्यावर त्याच्या पातळ भाकऱ्या भाजी. हे वाटणे रोज काही तासांचे काम होते. चुन्यात भिजवण्यात मोठे शहाणपण होते. त्यामुळे मक्यातले एक आवश्यक जीवनसत्त्व अंगी लागते. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या तिथल्या गरिबांना पेलाग्रा नावाचा रोग जडला. भाकरीबरोबर घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो, राजगिऱ्याच्या जातीचे धान्य, सरोवरातले मासे. सणावाराला टर्की पक्ष्याचे मांस.

स्वयंपाकाइतकेच बाईचे दुसरे काम म्हणजे सूत कातणे आणि विणणे. मागाचे एक टोक खांबाला आणि दुसरे कमरेच्या पट्ट्याला बांधून ती विणी. हे कापड नुसते अंगावर घालायचे नव्हे. जिंकलेल्या प्रांतांकडून येणाऱ्या खंडणीत कापडाचा वाटा फार मोठा होता, आणि कापडाची घडी बाजारात नाण्यासारखी चाले. तेव्हा साम्राज्याचा खजिना घराघरांतल्या बायकांच्या हाताखाली विणला जात होता, असे म्हटले तर चुकीचे होणार नाही. बायका बाजारात दुकान मांडीत, सुईणी आणि वैद्य होत, वारसाहक्काने मालमत्ता मिळवीत. बाळंतपणात गेलेल्या स्त्रीला रणांगणावर पडलेल्या वीराचा मान असे.

लग्नाची त्यांची रीत ऐकून आपल्याकडच्या बायाबापड्यांना नवल वाटेल. रात्री मशालींच्या उजेडात मध्यस्थ बाई नवरीला पाठीवर घेऊन वराच्या घरी येई. दोघांना चुलीजवळ चटईवर बसवीत, आणि वराचे उपरणे व वधूचे वस्त्र यांची गाठ मारीत. ती गाठ पडली की लग्न लागले. आपल्या रीतीशी याचा काही संबंध नाही. पण दोन जिवांना बांधायचे तर वस्त्राला गाठ मारावी, हे हजारो कोसांवरच्या दोन समाजांना आपापले सुचले.

शिक्षक मंडळींसाठी आता थोडे सांगतो. 1541 च्या सुमारास तिथल्याच चित्रकारांनी काढलेली एक पोथी उपलब्ध आहे. तिला मेंडोसा पोथी म्हणतात, आणि ती आज इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात आहे. तिच्यात मुलांचे संगोपन वर्षावर्षाने चित्रित केले आहे. तीन वर्षांच्या मुलाला जेवणाला अर्धी भाकरी, चार-पाच वर्षांच्याला एक, सहाव्या वर्षापासून दीड आणि तेराव्या वर्षी दोन. सहा वर्षांचा मुलगा बाजारात सांडलेले मक्याचे दाणे वेचतो. चौदा वर्षांचा नाव हाकून मासे धरतो, आणि त्याच वयाची मुलगी मागावर विणते. शिक्षाही दाखवल्या आहेत, आणि त्या कडक आहेत : घायपातीचे काटे टोचणे, मिरच्यांच्या धुरीवर धरणे. ही चित्रे पाहताना मुलाच्या डोळ्यांतून ओघळणारे अश्रूही चित्रकाराने सोडलेले नाहीत.

पुढे शाळा. सामान्यांच्या मुलांसाठी कालपुलीतली तेलपोचकाल्ली, म्हणजे तरुणांचे घर. तिथे लढाई, कष्टाची कामे, शिस्त. कुलीनांच्या मुलांसाठी कालमेकाक. तिथे पंचांग, चित्रलिपी, धर्मविधी, राज्यकारभार आणि उत्तम भाषण. मुलामुलींना नाच-गाणे आणि त्यांतून आपला इतिहास शिकवणारे गाण्याचे घर वेगळे असे. सोळाव्या शतकाच्या आरंभी जवळजवळ प्रत्येक मुलाला कसली ना कसली शाळा असावी, असा नियम जगात फार थोड्या ठिकाणी होता. पण एक भेदही ध्यानात ठेवा. वाचणे आणि राज्य चालवणे एका शाळेत शिकवत होते, आणि ओझे उचलणे दुसरीत.

हा भेद कायद्यानेही जपला होता. सुती वस्त्र आणि दागिने कुलीनांनीच वापरावेत, सामान्यांनी घायपातीच्या वाखाचे कापड नेसावे, असा नियम स्पॅनिश लेखकांनी नोंदवला आहे. प्रत्यक्षात काय होते? खेड्यांतल्या साध्या घरांचे उत्खनन झाले, तेव्हा त्यांत कापूस कातायच्या चात्यांच्या चकत्या, दूरहून आलेली रंगीत भांडी आणि काचेसारख्या ज्वालामुखी दगडाची पाती सापडली. म्हणजे गरिबाचे घरही बाजाराशी जोडलेले होते, आणि कागदावरचा कायदा आणि घरातले जिणे यांत तिथेही अंतर होते.

बाजार म्हणाल, तर त्लातेलोल्कोचा. तिथे रोज साठ हजार माणसे खरेदी-विक्रीला जमतात, असे कोर्तेसने आपल्या राजाला लिहिले. प्रत्येक मालाची वेगळी आळी, आणि तंटा सोडवायला तिथेच न्यायाधीश. सुट्टे पैसे म्हणून कोकोच्या बिया चालत. स्पॅनिश अमलातल्या 1545 च्या एका दरपत्रकात मोठ्या टोमॅटोला एक बी, टर्कीच्या अंड्याला तीन बिया असे भाव आहेत. आणि जिथे पैसा तिथे लबाडी. सालपटात दुसरेच काही भरून खोट्या बिया खपवणारे विक्रेतेही होते. दूरदेशी व्यापार करणाऱ्या पोचतेका नावाच्या व्यापाऱ्यांची वेगळी जात होती. ते श्रीमंत असत, पण गावात रात्री गुपचूप शिरत आणि साध्या कपड्यांत वावरत. सरदारांच्या डोळ्यांत आपली संपत्ती खुपू नये म्हणून!

आता नरबळीची गोष्ट. ती टाळून चालणार नाही. देवांनी स्वतःचे रक्त देऊन हे जग चालू केले, तेव्हा सूर्य चालता ठेवायचा तर माणसानेही रक्त दिले पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. लोक स्वतःचे कान काट्याने टोचून रक्त वाहत. आणि युद्धकैद्यांना, गुलामांना व काही सणांत लहान मुलांनाही बळी देत. 1487 साली महामंदिराच्या सोहळ्यात ऐंशी हजार बळी दिले, असे काही बखरींत आहे. तो आकडा आजचे अभ्यासक मानत नाहीत. पण ही केवळ शत्रूने उठवलेली आवई होती, असेही म्हणता येत नाही. 2015 साली मेक्सिको शहरात घरांच्या खाली कवट्यांचा रचलेला मनोरा सापडला, आणि 2020 अखेर तिथे सहाशेहून अधिक कवट्या मोजल्या गेल्या. त्यांत बायका आणि मुलेही आहेत. शाळा, बाजार, बांध-कालवे उभारणारा समाज हेही करीत होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांगणे, हेच इतिहास शिकवणाऱ्याचे काम.

आणि हे बळी बहुतेक येत कुठून? शेजाऱ्यांकडून. खंडणीही शेजाऱ्यांकडूनच. तीनशेहून अधिक गावे मका, घेवडा, कापड, कोको, पक्ष्यांची पिसे आणि ढाली राजधानीला पुरवीत. त्लाश्काला नावाचे राज्य वाकले नाही, तर त्याची कोंडी केली; तिथल्या लोकांना मीठही मिळेनासे झाले. घरातही दार लागत चालले होते. पूर्वी लढाईत चार कैदी धरणारा शेतकऱ्याचा मुलगा मानाला चढे. 1502 साली गादीवर आलेल्या दुसऱ्या मोक्तेसुमाने सामान्य कुळातल्या कामदारांना दरबारातून काढून त्यांच्या जागी कुलीनांना नेमले, असे दुरान या स्पॅनिश धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे.

कोर्तेस 1519 मध्ये पाचएकशे माणसे घेऊन उतरला. घोडे, तोफा, पोलाद हे सारे त्याच्याजवळ होते. पण एवढ्यावर दोन लाखांचे शहर पडत नाही. किनाऱ्यावरच्या तोतोनाक लोकांनी त्याच्याजवळ खंडणीचे गाऱ्हाणे गायले, आणि मिठाला महाग झालेले त्लाश्कालाचे हजारो लढवय्ये पुढे त्याच्या बाजूने लढले. 1520 साली देवीची साथ आली. त्या रोगाची त्या मुलखाला ओळखच नव्हती, आणि खुद्द नवा राजाही तिला बळी पडला. 13 ऑगस्ट 1521 रोजी तेनोचतित्लान पडले. त्याच्या अकरा वर्षे आधी, 1510 साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतला होता, हे लक्षात घेतले म्हणजे काळाचे मोजमाप मनात नीट बसते. ज्यांनी मदत केली त्यांचेही पुढे भले झाले नाही. नवा धनी, नवा सारा आणि रोगांवर रोग, यांत लाखो माणसे गेली.

पण लोक संपले नाहीत. साहागून नावाच्या स्पॅनिश साधूने गावोगावच्या म्हाताऱ्यांना विचारून, आणि त्या लोकांतल्याच शिकलेल्या तरुणांच्या हातून, त्यांच्या जीवनाची बारा खंडांची पोथी नावात्ल भाषेत लिहवून घेतली. आज मी सांगितलेले पुष्कळसे तिच्यामुळे कळते. 1978 च्या फेब्रुवारीत मेक्सिको शहरात विजेचे कामगार खड्डा खणत असताना देवीचे कोरीव काम केलेली एक प्रचंड शिळा लागली, आणि मग महामंदिर उकरून काढण्यात आले. सोचिमिल्को येथे चिनाम्पांवर आजही भाजी आणि फुले पिकतात, मात्र वाढत्या शहरामुळे ती शेती आक्रसत चालली आहे. आणि 2020 च्या शिरगणतीत नावात्ल बोलणारे साडेसोळा लाख लोक मेक्सिकोत नोंदले गेले.

गुरुजनांना एक सुचवावेसे वाटते. हा धडा शिकवताना लढाईच्या सनावळीने सुरुवात करू नका. वर्गात एक टोमॅटो, एक मिरची, एक मक्याचे कणीस ठेवा, आणि हे कोणी पेरले, कोणी दळले, कोणी वाहिले, असे मुलांना विचारा. राजांची नावे मुले विसरतील; पण ज्यांनी ओझे वाहिले त्यांनाच ते राज्य आपले वाटेनासे झाले म्हणून ते पडले, एवढे ती विसरणार नाहीत.